कामाचा आठवडा आणि व्यायामाचा नेम



पूर्णा नदीवरील धरणामुळे येलदरीचे नाव मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यात पोचलेले आहे. परभणी, हिंगोली आणि नांदेड या तीन जिल्ह्यांतील शिवारांची तहान ज्या पाण्यावर भागते, त्याचा मोठा साठा या गावाच्या उशाशी आहे. अशा गावात, जिथे बहुतेक घरांचा दिवस अंगमेहनतीने उगवतो आणि अंगमेहनतीनेच मावळतो, तिथे ‘कामाच्या धबडग्यात नियमित व्यायामासाठी वेळ कसा काढावा’ असा विषय स्मृतिव्याख्यानासाठी घेणे काहींना शहरी चोचला वाटण्याचा संभव आहे. परंतु हा विषय शहरातल्या वातानुकूलित व्यायामशाळांचा नाही. तो गुडघे धरून उठणाऱ्या चाळिशीतल्या स्त्रीचा आहे, तालुक्याच्या गावाहून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाचा आहे, रात्रभर पिकाला पाणी देऊन सकाळी पुन्हा फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या शेतकऱ्याचा आहे, आणि म्हणूनच तो येलदरीचाही आहे.

या व्याख्यानात चार प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. श्रम आणि व्यायाम यांत फरक तो काय? आठवड्याला नेमका किती व्यायाम पुरतो? तेवढा वेळ जातो कोठे? आणि तो टिकवून कसा धरावा? या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच विधान आहे, आणि ते आरंभीच सांगून टाकणे योग्य: व्यायामासाठी वेळ सापडत नसतो, तो नेमावा लागतो, आणि एकट्याने नेमलेला वेळ टिकत नाही, तो घराने आणि गावाने मिळून नेमावा लागतो.

पहिला प्रश्न श्रम आणि व्यायाम यांतील फरकाचा. ‘दिवसभर राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला हवा?’ हे वाक्य खेड्यापाड्यांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याची कोणी तपासणीच करत नाही. ती येथे करू. व्यायाम म्हणजे ताकद, दम, लवचिकता किंवा शरीराचा तोल वाढावा या हेतूने, ठरवून आणि पुनःपुन्हा केलेली हालचाल. श्रम म्हणजे हातातले काम पुरे व्हावे म्हणून शरीराने केलेली, बहुधा सोसलेली हालचाल. व्यायामात शरीर हे साध्य असते, श्रमात ते साधन असते. साधन झिजते; साध्याची निगा राखली जाते.

कापूस वेचणाऱ्या एखाद्या स्त्रीचा दिवस जवळून पाहिला म्हणजे हा फरक लक्षात येतो. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठत जातो, तसतसे वजन शरीराच्या पुढच्या बाजूला वाढत जाते आणि आधीच वाकलेली पाठ ते पेलण्यासाठी आणखी ताठरते. बोटे आणि मनगटे तासन्‌तास तीच एक हालचाल करत राहतात. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके नखांच्या कडांना बोचत राहतात. पाय ओळीतून सरकतात, पण भराभर चालत नाहीत. संध्याकाळी वजन करून ती घरी परतते तेव्हा अंगातले त्राण संपलेले असते. श्रम झाले, यात कोणाला शंका आहे? पण त्या दिवसात हात डोक्यावर पूर्ण ताणले गेले का? वाकलेली पाठ एकदा तरी मागे कलली का? काही मिनिटे श्वास वेगाने चालला आणि मग विसाव्याने शांत झाला, असे घडले का? बहुतेक दिवशी या तिन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच येते. काही स्नायू थकून गेले, काहींना दिवसभरात हाकही आली नाही.

हा केवळ तर्क नाही. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे सुमारे एक लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला जो मोठा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात फुरसतीच्या वेळी केलेली हालचाल वाढेल तसा हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका कमी होताना दिसला, तर नोकरीधंद्यातील जड शारीरिक श्रम वाढतील तसा तो वाढताना दिसला. अभ्यासकांनी याची जी कारणे सुचवली आहेत ती कष्टकऱ्याला ऐकताक्षणी पटावीत अशी आहेत: कामाचे श्रम दीर्घकाळ चालतात, त्यांत विसावा आपल्या मर्जीने घेता येत नाही, एकाच ठेवणीत शरीर अडकून राहते, आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब कित्येक तास चढलेलेच राहतात. व्यायाम मात्र थोडा वेळ चालतो, करणाऱ्याच्या ताब्यात असतो, आणि त्यानंतर विश्रांती मिळते. शरीर बळकट होते ते ताणाच्या वेळी नव्हे, ताणानंतरच्या विसाव्यात. आणि श्रमिकाच्या दिवसात उणीव असते ती त्या विसाव्याचीच.

या मुद्द्याला दुसरीही बाजू आहे. श्रमाचे गाव आता पूर्वीइतके श्रमाचे राहिले आहे का? वखरामागे चालणारा शेतकरी आता ट्रॅक्टरवाल्याची वाट पाहतो. सोयाबीनची मळणी यंत्रावर होते. शेतात जाण्यासाठी मोटारसायकल आहे आणि पंप सुरू करण्यासाठी खिशातला मोबाईल पुरतो. जीव वाचवणारे आणि कष्ट कमी करणारे हे बदल स्वागतार्हच आहेत, त्यांविषयी खंत बाळगण्याचे कारण नाही. परंतु शरीराची हालचाल घटली आणि ‘आम्ही कष्टकरी’ ही समजूत तशीच राहिली, या दोहोंच्या मधल्या फटीतून आजार आत शिरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत; शहरी प्रौढांमध्ये हे प्रमाण 16.4 टक्के आहे, आणि ग्रामीण प्रौढांमध्येही ते 8.9 टक्क्यांवर पोचले आहे. म्हणजे खेड्यातही अकरा-बारा प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे.

‘पण आमच्याकडे लठ्ठ माणसे आहेत तरी किती?’ असाही प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांत अनेक वर्षे जे संशोधन केले, त्यातून भारतीय शरीराचे एक वैशिष्ट्य जगापुढे आले: बाहेरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटातली चरबी, तुलनेने अधिक असते, आणि ही ठेवण जन्मापासूनच दिसून येते. स्नायू हे रक्तातली साखर वापरणारे शरीरातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. ते गिऱ्हाईक कमी असेल तर साखर रक्तात पडून राहते. तेव्हा अंगाने किरकोळ असणे ही व्यायामातून सुटका नाही. स्नायू कमावण्याची गरज अशा माणसाला उलट अधिकच आहे.

दुसरा प्रश्न मापाचा. व्यायाम किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेची किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस हालचाल करावी, आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. मध्यम तीव्रता ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही: चालताना सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी श्वासाची अवस्था म्हणजे मध्यम तीव्रता; चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस. स्नायूंच्या बळकटीसाठी जोर, बैठका, वजन उचलणे किंवा सूर्यनमस्कार यांपैकी काहीही चालते.

आता आठवड्याचा हिशेब मांडून पाहावा. सात दिवसांची मिनिटे होतात 10,080. त्यांतली 150 म्हणजे शेकडा दीडदेखील नाहीत. शेकडा दीड! प्रश्न वेळेच्या अभावाचा असता तर तो येथेच सुटला असता. तो सुटत नाही याचाच अर्थ अडचण वेगळ्या ठिकाणी आहे.

मापाविषयी आणखी एक गोष्ट व्यस्त माणसाला दिलासा देणारी आहे. सलग दहा मिनिटे तरी हालचाल झाली तरच ती जमेस धरावी, अशी जी अट पूर्वीच्या मार्गदर्शक तत्त्वांत होती, ती 2020 मध्ये काढून टाकण्यात आली. तुकड्यातुकड्यांनी केलेली हालचालही शरीराच्या खात्यावर जमा होते. याचे आद्य प्रत्यंतर लंडनच्या दुमजली बसगाड्यांत मिळाले होते. जेरी मॉरिस या वैद्यकतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसभर आसनावर बसून राहणाऱ्या चालकांच्या तुलनेत त्याच बसमध्ये जिने चढ-उतार करून तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचा त्रास कमी होतो असे आढळले. गाडी तीच, रस्ता तोच, कामाचे तासही तेच; फरक होता तो थोड्याथोड्या वेळाने चढाव्या लागणाऱ्या पायऱ्यांचा. ज्यांना सर्व दिवस जमत नाही त्यांच्यासाठी असेही सांगता येते की आठवड्याची बेरीज एक-दोन दिवसांत भरून काढणाऱ्यांनाही हृदयाच्या दृष्टीने जवळपास तेवढाच लाभ होतो, असे 2023 मध्ये ब्रिटनमधील मोठ्या नोंदींच्या अभ्यासातून पुढे आले आहे. मात्र आठवडाभर बसून राहिलेल्या माणसाने रविवारी एकदम धाव घेतली तर घोटा आणि गुडघा दुखावतो, म्हणून ही सवलत सावकाश वाढवत नेऊन वापरण्याची आहे.

अतिरेकाविषयी आयुर्वेदाने फार पूर्वी सावध केले आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले. कपाळावर, नाकावर आणि काखेत घाम येऊ लागला व तोंडाने श्वास घ्यावासा वाटला, की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजून थांबावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. उरलेली अर्धी शक्ती कशासाठी? दिवसाच्या कामासाठी आणि उद्याच्या व्यायामासाठी. ज्याला दुसऱ्या दिवशी शेतात उतरायचे आहे त्याने पहिल्याच दिवशी अंग मोडून घेण्यात शहाणपण नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत कळीचा: शेकडा दीड वेळही निघत नाही, तो का? आळशीपणा हे त्याचे सोपे उत्तर आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत ते चुकीचे आहे. वेळ नाही असे म्हणणाऱ्या माणसाचा वेळ आधीच वाटला गेलेला असतो, आणि त्या वाटणीत व्यायामाचे नाव कोणी घातलेले नसते.

येलदरीच्या श्रोत्यांना हे समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही. येलदरीच्या जलाशयात पाणी साठते, तेथून ते खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि मग कालव्यांतून शिवारात फिरते. पण कालव्याला पाणी आहे म्हणून शेत आपोआप भिजत नाही. आवर्तन ठरते, कोणत्या चारीला कधी पाणी ते ठरते, मागणीचा अर्ज भरलेला असतो, आणि आपल्या वेळेला शेतकरी बांधावर हजर असतो, तेव्हा भिजते. सगळ्यांचे भिजून जे उरेल त्यावर आपले पीक येईल असे म्हणणारा शेतकरी भेटेल का? व्यायामाच्या बाबतीत मात्र जवळपास प्रत्येक जण असेच म्हणतो.

वाटणी कशी झाली आहे, हे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीने दाखवून दिले आहे. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो; अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा जातो 88 मिनिटे. फरक 201 मिनिटांचा. व्यायामासाठी आठवड्याला 150 मिनिटे लागतात, आणि स्त्री-पुरुषांच्या घरकामातील एका दिवसाचा फरक त्याहून मोठा आहे! याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवावा: 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातील सुमारे निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी आहे, आणि त्यात पुरुषांचे प्रमाण 42 टक्के, तर स्त्रियांचे 57 टक्के आहे. पहाटे उठून सडा-सारवण, पाणी, चहा, डबे, मग शेत, मग पुन्हा चूल, अशा दिवसात ‘बायांनी सकाळी अर्धा तास चालावे’ हा उपदेश करणे सोपे आहे. त्या अर्ध्या तासात चुलीपाशी कोण बसणार, याचे उत्तर देणे अवघड आहे. जोवर ते उत्तर घरातला दुसरा माणूस देत नाही, तोवर तो उपदेश पोकळ आहे.

शेतकऱ्याच्या वेळेची अडचण आणखी निराळी आहे. शेतीपंपांसाठी वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा फिरत्या वेळापत्रकाने मिळते. सौर कृषी वाहिन्यांमुळे दिवसा वीज मिळण्याची सोय वाढते आहे. तथापि जिथे रात्रीची पाळी अजून चुकलेली नाही, तिथे बॅटरी हातात घेऊन, साप-विंचवाचे भय मनात ठेवून पहाटेपर्यंत पाणी देणाऱ्या माणसाला ‘रोज पहाटे पाच वाजता उठून धावा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. त्यातच हंगामाची चाके फिरत असतात: जूनमध्ये पेरणी, पावसाळाभर खुरपणी-फवारणी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची काढणी, पाठोपाठ हरभरा-ज्वारीची पेरणी आणि कापसाची वेचणी, मग रब्बीची सुगी, आणि त्यानंतर चाळिशी ओलांडणारा मराठवाड्याचा उन्हाळा. घड्याळावर बेतलेला शहरी सल्ला या वर्षचक्रात टिकत नाही. नोकरदाराचे घड्याळ स्थिर असते, पण त्याचा वेळ एस.टी.च्या प्रवासात आणि रात्री मोबाईलच्या पडद्यावर विरघळतो; त्याला वेळ निर्माण करायचा नाही, फक्त झोपेआधीच्या त्या तासातला थोडा भाग सोडवून घ्यायचा आहे.

चौथा प्रश्न टिकवण्याचा, आणि येथे मराठी मुलुखाचा इतिहास बोलका आहे. या प्रदेशात व्यायाम ही एकट्याच्या निश्चयाची बाब पूर्वी क्वचितच होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला नवे रूप देणारे बाळंभट दादा देवधर यांच्यापासून शिष्यपरंपरा सुरू झाली. 1914 मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि त्या संस्थेच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. 1924 मध्ये पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी कैवल्यधाम सुरू केले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः आयुष्यभर घातले, शाळांतून ते रुजवले आणि त्यांवर पुस्तकही लिहिले. या सर्वांत समान सूत्र कोणते? ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेले सोबती आणि ‘काल का आला नाहीस?’ असे विचारणारा वस्ताद.

हे सूत्र सोडून एकट्याच्या निर्धारावर विसंबले तर काय करावे लागते? लोकमान्य टिळकांच्या चरित्रात एक सुप्रसिद्ध प्रसंग आहे: डेक्कन कॉलेजातल्या पहिल्या वर्षी प्रकृती कमावण्याकडेच त्यांनी सारे लक्ष दिले आणि त्या वर्षीच्या परीक्षेवर पाणी सोडले. हे उदाहरण स्फूर्तिदायक आहे, पण ते सर्वांना लागू पडणारे नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला वर्ष देता येत नाही. त्याला आठवड्यातली मिनिटेच देता येतात. म्हणून सामान्यांसाठी टिळकांच्या निर्धारापेक्षा तालमीची व्यवस्था अधिक उपयोगाची आहे. अर्थात जुनी तालीम जशीच्या तशी परत आणावी असा याचा अर्थ नाही. तिचे दार स्त्रियांना बहुधा बंद होते, आणि तरुणपण ओसरले की पुरुषही तिच्या उंबऱ्यापासून दूर होत. व्यवस्था तिची घ्यावी, भिंती तिच्या घेऊ नयेत.

आजच्या खेड्यात त्या व्यवस्थेची एक जिवंत खूण दिसते, आणि तिच्याकडे आदराने पाहिले पाहिजे. मराठवाड्यातल्या कोणत्याही डांबरी रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांचे 1600 मीटर, मुलींचे 800 मीटर, मग 100 मीटरची धाव आणि गोळाफेक. कोणाच्या पायात साधे बूट, कोणाच्या हातात वेळ मोजण्यासाठी मोबाईल, आणि मागे पडणाऱ्याला पुढचा हाक मारून ओढून नेतो. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबत ठरलेली. परंतु निकाल लागला की काय होते? जो निवडला जातो तो गाव सोडतो, आणि जो राहतो त्याचे धावणे बहुधा त्याच आठवड्यात थांबते. जणू शरीराची गरज फक्त भरतीपुरतीच होती. जत्रेच्या फडासाठी कसणाऱ्या मल्लाचेही पूर्वी असेच होई. तारखेच्या आधारावर उभा राहिलेला व्यायाम तारखेबरोबर संपतो. त्याला दुसरा, न संपणारा आधार द्यावा लागतो, आणि तो आधार म्हणजे सोबत. भरती हुकलेल्या त्या मुलानेच संध्याकाळी गावातल्या पोरांना आणि प्रौढांना तासभर शिकवले, तर गावाला बाहेरून वस्ताद आणण्याची गरज राहील का?

आता हे सारे प्रत्यक्षात कसे आणावे, याच्या मांडणीकडे वळावे. पहिली गोष्ट, व्यायाम घड्याळाला बांधण्याऐवजी एखाद्या रोजच्या कामाला बांधावा. धार काढून झाल्यावर, शाळा सुटल्यावर, रात्रीच्या पाण्याच्या पाळीनंतर झोप पुरी करून उठल्यावर चहाच्या आधी. काम कोणत्याही वेळेला झाले तरी त्याच्या पाठोपाठ व्यायाम आलाच पाहिजे. विजेची वेळ बदलली तरी हा क्रम बदलत नाही.

दुसरी गोष्ट, वर्षासाठी एकच नेम न ठेवता दोन ठेवावेत. हात मोकळे असतील त्या महिन्यांत पूर्ण नेम: आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे किंवा सायकल, आणि दोन दिवस जोर-बैठका. पेरणी-सुगीच्या दिवसांत किमान नेम: दहा-बारा मिनिटे, ज्यात सावकाश घातलेले बारा सूर्यनमस्कार आणि दिवसभर वाकलेल्या पाठीला व खांद्यांना उलट दिशेने ताण देणाऱ्या चार हालचाली एवढेच असावे. किमान नेमाचा उद्देश नेम तुटू न देणे हा आहे. सुगी संपली की तोच पुन्हा पूर्ण नेमाकडे घेऊन जातो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्यापूर्वीच व्यायाम आटोपावा आणि पाणी पुरेसे प्यावे. छातीत दुखणे, रक्तदाब, मधुमेहावरील इन्सुलिन, गरोदरपण किंवा सांध्याचा जुना विकार असेल त्यांनी आरंभीच डॉक्टरांना विचारावे.

तिसरी गोष्ट खाड्याची. खाडा पडणारच, पाहुणे येतील, ताप येईल, बाजारचा दिवस लांबेल. खाडा पडला की बहुतेक माणसे स्वतःला दोष देतात आणि त्या अपराधाच्या भावनेतच नेम सोडून देतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे सवयींवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला सुमारे 254 लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेला विशेष बाध आला नाही. तेव्हा एका खाड्याचे दुःख करू नये. दुसरा सलग खाडा मात्र पडू देऊ नये.

चौथी गोष्ट घराची. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या वाट्याला आठवड्यातले ठरलेले वार आणि ठरलेला अर्धा तास लिहून ठेवावा, आणि त्या अर्ध्या तासात त्याचे काम कोण करणार हेही शेजारी लिहावे. सासूबाई चालायला गेल्या तर पोळ्या कोण लाटणार, सूनबाई व्यायाम करत असेल तर लेकराला कोण सांभाळणार, याची उत्तरे पुरुषांच्या नावांनीही भरली गेली पाहिजेत. हा उपकार नव्हे, ही वाटणी आहे.

पाचवी गोष्ट गावाची. शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ खुले राहावे, तेथे दिवा असावा, आणि आठवड्यातले काही तास केवळ स्त्रियांसाठी राखलेले असावेत, म्हणजे रस्त्यावरच्या नजरांचा संकोच आड येणार नाही. ज्या गावांत खुल्या व्यायामशाळेची साधने बसवली गेली आहेत, तेथे त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी ग्रामपंचायतीने नावानिशी एखाद्याकडे सोपवावी. बसवण्याचा समारंभ होतो, तेल-पाण्याचा होत नाही, आणि लोखंड गंजायला एक पावसाळा पुरतो. बचत गटाच्या बैठकीचा दिवस ठरलेलाच असतो. बैठकीआधी वीस मिनिटे मिळून चालण्याचा ठराव त्याच वहीत लिहिता येईल.

सारांश असा. श्रम हा व्यायाम नव्हे. श्रमिकालाही शरीर साध्य मानणारी थोडी हालचाल लागते. माप मोठे नाही. आठवड्याचा शेकडा दीड भाग पुरतो आणि तो तुकड्यांनीही भरता येतो. वेळ नाहीसा झालेला नाही; तो वाटला गेला आहे, आणि वाटणी पुन्हा करता येते. आणि ही नवी वाटणी एकट्याच्या मनोनिग्रहावर टिकत नाही. तिला जागा, सोबत आणि चौकशी करणारा माणूस लागतो, जे सर्व पूर्वी तालमीने दिले आणि आता घराने व गावाने द्यायचे आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांचे स्मरण शब्दांनी होते, तसेच ते कृतीनेही व्हावे. येत्या ग्रामसभेत मैदानाचा दिवा, स्त्रियांचे राखीव तास आणि शिकवणाऱ्या तरुणाचे नाव हे तीन विषय मांडले जावेत, आणि त्याआधी प्रत्येक घरात वारांची वाटणी कागदावर उतरावी, अशी कळकळीची विनंती येथील प्रत्येक श्रोत्याला आहे. शरीर धडधाकट असेपर्यंतच हा निर्णय स्वस्त आहे. नंतर तोच निर्णय दवाखान्याच्या बाकावर बसून, दुसऱ्याच्या आधाराने आणि कर्जाच्या पैशाने घ्यावा लागतो. तो आजच, आपल्या पायांवर उभे राहून घ्यावा.